आठ वर्षांचा करार, एक गुडघा

२ जुलै २०१७ रोजी मॉन्ट्रियल कॅनडियन्स या आइस हॉकी संघानं आपला गोलरक्षक केरी प्राइस याच्याशी आठ वर्षांचा नवा करार केला. रक्कम ८ कोटी ४० लाख डॉलर. आजच्या दरानं सातशे कोटी रुपयांच्या वर. वर्षाकाठी १ कोटी ५ लाख डॉलरची सरासरी नॅशनल हॉकी लीगमध्ये तोवर एकाही गोलरक्षकाला मिळाली नव्हती. करार लागू झाला २०१८-१९च्या मोसमापासून, म्हणजे प्राइस एकतीस वर्षांचा असताना. त्या आठ मोसमांपैकी तीन तो खेळला, चौथ्यात कसेबसे पाच सामने, आणि मग गुडघ्यानं त्याची कारकीर्दच थांबवली.

एका गोलरक्षकावर एवढा पैसा लावावा का, हा वाद उत्तर अमेरिकेत दर उन्हाळ्यात रंगतो आणि प्राइसचं नाव त्यात निघतंच. त्याच्या कराराला सरसकट मूर्खपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण तो करार बरोबर होता असंही मला म्हणता येत नाही.

आधी खेळाविषयी थोडं. आपल्याला गोलरक्षक म्हटलं की श्रीजेश आठवतो. पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात दहा खेळाडूंनिशी लढणाऱ्या भारताला त्यानं ब्रिटनपुढे कसं तारलं, हे आपण पाहिलंय. बर्फावरच्या हॉकीत ही मदार आणखी वाढते. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबरी चकती. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. चांगला फटका ताशी १६० किलोमीटरच्या आसपास येतो. बाकीचे खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतात आणि बाकावर येऊन दम घेतात. गोलरक्षक साठ मिनिटं तिथंच. सामन्यात साधारण तीस फटके त्याच्यावर येतात, आणि कित्येकदा समोरच्या गर्दीत पक त्याला दिसतही नाही.

आजचे गोलरक्षक ‘बटरफ्लाय’ पद्धतीनं खेळतात. फटका येताच दोन्ही गुडघे आत वळवून बर्फावर टेकायचे, पोटऱ्या बाहेरच्या बाजूंना पसरायच्या, म्हणजे गोलची खालची सगळी बाजू पॅडांनी बंद होते. मग एका पायाची कड बर्फात रोवून उठायचं, सरकायचं आणि पुन्हा खाली. सामन्यात आणि रोजच्या सरावात हे किती वेळा होत असेल याचा अंदाज करा. प्राइस हे इतक्या शांतपणे करायचा की त्याला कष्ट पडतच नाहीत असं वाटे. पण खुब्याचे सांधे आणि गुडघे त्याचा हिशेब ठेवत असतात.

आता पैशाचा हिशेब. २००४-०५चा अख्खा मोसम मालक-खेळाडूंच्या वादात वाया गेल्यानंतर लीगनं प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा घातली. ही ‘सॅलरी कॅप’ २०१८-१९मध्ये ७ कोटी ९५ लाख डॉलर होती. म्हणजे वीस-बावीस जणांच्या संघातला एकटा प्राइस तेरा टक्के घेऊन जाणार. मालक कितीही गडगंज असो, मर्यादेपलीकडे त्याला जाता येत नाही, त्यामुळे गोलपोस्टसमोर जास्त मोजलेला प्रत्येक डॉलर आघाडीच्या किंवा बचावाच्या कुणाच्या तरी वाट्यातून जातो. वादाचं मूळ हेच आहे. पैसा मालकाचा, पण जागा संघाची.

त्या जागेच्या बदल्यात मिळतं काय? २०१४-१५मध्ये प्राइसनं त्याच्यावर आलेल्या साडेएकोणीसशेच्या आसपास फटक्यांपैकी ९३.३ टक्के अडवले. लीगची सरासरी साडेएक्क्याण्णवच्या आगेमागे होती. फरक दोन टक्क्यांहून कमी, पण तेवढ्यानं वर्षात पस्तीसेक गोल वाचतात. साधारण सहा गोलांमागे एक विजय धरला तर सहा विजय, म्हणजे बारा गुण. प्लेऑफमध्ये जाणं किंवा घरी बसणं यातलं अंतर बऱ्याचदा एवढंच असतं. त्या वर्षी उत्कृष्ट गोलरक्षकाचा वेझिना आणि लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा हार्ट, दोन्ही करंडक त्याला मिळाले. हार्ट गोलरक्षकाच्या वाट्याला फार क्वचित येतो.

पुढच्याच मोसमात गुडघ्याच्या दुखापतीमुळे प्राइस बारा सामन्यांनंतर बाहेर बसला. आदल्या वर्षी ११० गुण मिळवणारा तोच संघ ८२वर घसरला आणि प्लेऑफही हुकली. २०१७मध्ये व्यवस्थापक मार्क बर्जविन यांनी सही केली तेव्हा हे ताजं होतं. हा माणूस नसला की काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. मात्र त्याच प्रसंगाचा दुसरा अर्थही तितकाच उघड होता: संघाचा सगळा भार ज्या गुडघ्यावर आहे, तो गुडघा एकदा दगा देऊन चुकलाय.

प्राइसविषयी मला मनापासून आदर आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या अनाहिम लेक या आडगावी तो वाढला. आई लिंडा या उल्कॅचो नावाच्या आदिवासी समूहाच्या प्रमुख राहिलेल्या. जवळपास संघ नाही म्हणून वडील त्याला छोट्या विमानातून विल्यम्स लेकला सरावाला नेत. सोची ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीत अमेरिका आणि अंतिम फेरीत स्वीडन, दोघांनाही त्यानं एकही गोल करू दिला नाही. आणि २०२१चा तो उन्हाळा! सोळा संघांत सर्वात कमी गुण मिळवून मॉन्ट्रियल प्लेऑफमध्ये आला होता. टोरांटोविरुद्ध १-३ असा मागे पडूनही जिंकला, विनिपेगला ४-० धुतलं, व्हेगासला हरवलं आणि थेट स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. प्राइस नसता तर हे घडलंच नसतं, याबद्दल मला शंका नाही.

समोर टॅम्पा बे होतं, त्यांच्या गोलवर आंद्रेई वासिलेव्स्की. त्याचा करारही आठ वर्षांचा, ७ कोटी ६० लाखांचा, त्याच मोसमात सुरू झालेला. पण तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. निर्णायक सामना टॅम्पानं १-० जिंकला आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही वासिलेव्स्कीला मिळाला. दोन महागडे गोलरक्षक समोरासमोर. एकाची उमेदीची वर्षं करारात धरलेली, दुसऱ्याची करारापूर्वीच सरलेली.

त्याच उन्हाळ्यात सिॲटलचा नवा संघ उभा राहत होता. त्याला इतर संघांतून खेळाडू निवडायचे होते आणि मॉन्ट्रियलनं प्राइसचं नाव संरक्षित यादीबाहेर ठेवलं. कुणीही उचलावं अशा स्थितीत तो होता, तरी सिॲटलनं त्याला घेतलं नाही. करार किती जड झाला होता हे त्यावरून कळतं. नंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, एप्रिल २०२२मध्ये पाच सामने झाले आणि खेळ संपला. लीगमधले करार हमीचे असतात, त्यामुळे पगार चालू राहिला, आणि तो त्याचा हक्कच होता. शेवटी सप्टेंबर २०२५मध्ये मॉन्ट्रियलनं तो करार सॅन होजेच्या गळ्यात घातला.

विरुद्ध बाजूचे लोक सर्गेई बोब्रोव्स्कीकडे बोट दाखवतात. फ्लोरिडा पँथर्सनी २०१९मध्ये त्याला सात वर्षांसाठी ७ कोटी डॉलर दिले. पहिली दोन वर्षं त्याला लोकांनी धारेवर धरलं. २०२३च्या प्लेऑफची सुरुवातही त्याच्याऐवजी ॲलेक्स लायननं केली. मग बोब्रोव्स्की आला, ६५ विजयांचा विक्रम करणाऱ्या बोस्टनला घरी धाडलं आणि संघ अंतिम फेरीत गेला. २०२४मध्ये एडमंटननं ०-३वरून ३-३ केल्यावरही सातवा सामना फ्लोरिडानं २-१ जिंकला. २०२५मध्ये पुन्हा चषक. दोन चषकांपुढे सात कोटी कुणाला जड वाटतील?

तरीही त्यावरून धडा काढताना जपून राहावं. २०२३मध्ये त्याच फ्लोरिडाला हरवणाऱ्या व्हेगासच्या गोलवर ॲडिन हिल होता, पगार २२ लाख डॉलरच्या आत. २०१९मध्ये सेंट लुइसला चषक मिळवून देणारा जॉर्डन बिनिंग्टन तर जानेवारीत संघात आलेला नवखा पोरगा. गोलरक्षकाचा खेळ एका वर्षातून दुसऱ्या वर्षात इतका बदलतो की पुढच्या आठ वर्षांचा अंदाज बांधणं जवळपास अशक्य. प्राइसचंच बघा, करारावर सही केल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात त्याची टक्केवारी नव्वदवर आली.

म्हणून माझं मत असं की आकडा मोठा असण्यात चूक नाही. असामान्य गोलरक्षकाला वर्षाला कोटभर डॉलर द्यावेत, वेळ पडली तर जास्तही द्यावेत. चूक असते ती वर्षांच्या संख्येत. तिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाशी आठ वर्षांचा करार म्हणजे झालेल्या कामगिरीचं बक्षीस उद्याच्या संघाच्या खर्चातून देणं. खेळाडू लांब मुदत मागणार, ते योग्यच. शरीर त्याचं झिजतं. पण व्यवस्थापकानं चार-पाच वर्षांवर अडून बसावं आणि त्यासाठी वार्षिक रक्कम खुशाल वाढवून द्यावी.

न्यूयॉर्क रेंजर्सनी डिसेंबर २०२४मध्ये इगोर शस्टर्किनशी केलेला करार ९ कोटी २० लाखांचा आहे, गोलरक्षकांमधला नवा उच्चांक. मुदत पुन्हा आठ वर्षं. खेळाडू संघटनेशी झालेल्या नव्या समझोत्यानुसार सप्टेंबर २०२६पासून स्वतःच्या खेळाडूलाही सातपेक्षा जास्त वर्षं देता येणार नाहीत, बाहेरच्याला तर सहाच. मला ही मर्यादा अजूनही सैल वाटते. शस्टर्किनचा करार संपेल २०३३मध्ये, तेव्हा तो सदतीस वर्षांचा असेल.