निपुत्रिक राजे : तंजावर आणि डेन्मार्क

तंजावरच्या राज्यांत तरंगमबाडी येथें डेनांचा किल्ला होता. 1620 सालीं रघुनाथ नायकानें डेन्मार्कच्या चौथ्या ख्रिश्चन राजाशीं करार करून तो बांधूं दिला. पुढें शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरचे धनी झाले आणि हा शेजार भोसल्यांकडे आला. 1845 सालीं डेनांनीं ही वसाहत इंग्रज कंपनीस विकली. त्यानंतर अठरा वर्षांच्या आंत दोन्ही घराण्यांवर एकच प्रसंग गुदरला.

1855 सालीं तंजावरचे शिवाजीराजे पुत्रावांचून वारले. मागें राण्या होत्या, कन्या होत्या. कंपनीनें त्यांचा हक्क मानला नाहीं. राज्य तर घेतलेंच, पण खाजगी दौलतीवरही टांच आणली. राणी कामाक्षीबाईंनीं दाद मागितली, तेव्हां 1859 सालीं प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलें कीं, हें राजसत्तेचें कृत्य आहे, न्यायालयाचा त्यांत अधिकार नाहीं.

डेन्मार्कचा सातवा फ्रेडरिक 1863 सालीं निपुत्रिकच वारला. तेथें मात्र स्त्रीवंशाचा हक्क मानीत असत. आठव्या ख्रिश्चनची भाची लुईझा हिच्याकडे आलेला हक्क तिनें पतीस दिला, आणि 1852 च्या लंडन तहांत इंग्लंडनें इतर सत्तांसह त्याच जांवयास वारस मानलें. तोच नववा ख्रिश्चन. तंजावरास लेकी असून नसल्यासारख्या, कोपनहेगनास भाचीही पुरली!

नव्या राजाची कन्या अलेक्झांड्रा त्याच वर्षीं इंग्लंडच्या युवराजास दिलेली होती. तरीही 1864 सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं श्लेस्विग आणि होल्स्टाइन हिरावून घेतलें, तेव्हां विहीणबाईंचें इंग्लंड मदतीस धांवलें नाहीं.