पाऊल कोणासाठी?

उपवासकाळात महिनाभर ठरावीक अंतर चालून गरजूंसाठी निधी उभारावा, ही कल्पना आता अनेकांच्या परिचयाची आहे. जळगाव व धुळे परिसरातील भाविकांनी तिचा अर्थ समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

पायी चालणे खानदेशाला नवे नाही. मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी सुमारे महिनाभर चालून पंढरपुरास पोहोचते. २०२० च्या टाळेबंदीत मात्र धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाने असंख्य मजूर नाइलाजाने पायी निघाले होते. अशा स्थलांतरितांसाठी पोप फ्रान्सिस यांनी २७ सप्टेंबर २०१७ रोजी कारितासच्या मोहिमेचा आरंभ केला. पुढे २०१८ मध्ये जगभरातील भाविकांनी मिळून दहा लाख किलोमीटर चालावे, असे आवाहन झाले.

रीत सोपी आहे. रोज पाच किलोमीटर याप्रमाणे तीस दिवसांत १५० किलोमीटर होतात. पाच स्नेह्यांनी किलोमीटरमागे प्रत्येकी दोन रुपये दिल्यास १,५०० रुपये जमतात. धर्मग्रामात हिशेब उघड ठेवावा. आपल्याकडील ऊन ध्यानी घेऊन पहाटेच चालावे. आजारी व्यक्तींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दान गुप्तपणे करावे, ही प्रभू येशूची शिकवण आहे. निधीसाठी उपक्रम जाहीर करावा लागतो. परंतु आपण किती चाललो, याची बढाई नको. पाय थकले की ज्यांना चालण्यावाचून पर्याय नव्हता त्यांचे स्मरण व्हावे आणि जमलेला निधी ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या आपल्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचावा. तेव्हाच आपले चालणे प्रार्थना ठरेल.