इंजिने दोन की चार? मोठ्या विमानाचा हिशेब

व्यापारी बांधवांना हा विषय या पानावर पाहून नवल वाटेल. आमचा धंदा कापडाचा, विमानाशी संबंध नमुन्यांची पार्सले पाठवण्यापुरता. पण मोठ्या विमानाला किती इंजिने लावावीत, हा मुळात यंत्र विकत घेणाऱ्याचाच प्रश्न आहे, आणि यंत्रमाग चालवणाऱ्यांना तो आमच्यापेक्षा लवकर समजेल. शिवाय यात शेकडो माणसांच्या जिवाचा सवाल आहे.

सर्वसाधारण समज असा की इंजिने जितकी जास्त तितकी सलामती जास्त. पिस्टनच्या जमान्यात हा समज खोटा नव्हता. इंजिने वरचेवर बंद पडत. म्हणून अमेरिकेत १९५३ पासून नियम होता की दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्यावर ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापासून दूर जाऊ नये. समुद्र सरळ ओलांडायचा तर चार इंजिने हवीत. तीन इंजिनांना १९६४ मध्ये या अटीतून सूट मिळाली आणि पुढे डीसी-१०, ट्रायस्टार अशी विमाने निघाली.

दुसरे कारण त्याहून साधे. मोठे इंजिन बाजारात नव्हतेच. १९६९ मध्ये जंबो म्हणजे बोइंग ७४७ प्रथम उडाले, तेव्हा त्याच्या एका इंजिनाचा जोर सुमारे ४३,५०० पौंड होता आणि विमानाचे वजन भरलेले असताना सव्वातीनशे टनांच्या आसपास. चार लावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता मुख्य हिशेब पाहा. कायदा असा की धावपट्टीवर वेग घेतल्यावर, थांबणे शक्य नसताना एक इंजिन बंद पडले, तरी उरलेल्यांनी विमान वर नेले पाहिजे. समजा वर जाण्यास १०० एवढा जोर लागतो. चार इंजिने असतील तर उरलेल्या तिघांनी १०० द्यायचे, म्हणजे प्रत्येकी ३३ आणि एकूण १३३. तीन असतील तर प्रत्येकी ५०, एकूण १५०. दोनच असतील तर उरलेल्या एकट्याने १०० द्यायचे, म्हणजे एकूण २००. याचा अर्थ दोन इंजिनांचा मालक गरजेच्या दुप्पट ताकद विकत घेतो आणि जन्मभर वाहून नेतो.

मग तो फायद्यात कसा? एक तर मोठे इंजिन तेवढ्याच जोराला तेल कमी खाते. दुसरे, दोन इंजिनांची उघडझाप, सुटे भाग आणि कारागिरांचे तास चारांपेक्षा कमी. तिसरे आम्हाला विशेष पटले. ताकद मुबलक असल्याने रोजच्या उड्डाणात इंजिन पुरते ताणावे लागत नाही, त्यामुळे ते टिकते. उलट चार इंजिनांचे एअरबस ए-३४० (पहिला ३०० नंबरचा प्रकार) संथ चढण्याबद्दल वैमानिकांत प्रसिद्ध होते. कारण त्याच्याकडे जेमतेम लागेल तेवढाच जोर होता.

मात्र इंजिन विश्वासाचे असल्याशिवाय हे सारे व्यर्थ. १९८५ पासून दोन इंजिनांच्या बोइंग ७६७ ला अटलांटिक ओलांडण्याची मुभा मिळाली. ६० मिनिटांची हद्द १२० झाली, त्या दशकाअखेर १८०. १८० मिनिटांसाठी कसोटी अशी की उड्डाणात इंजिन बंद पडण्याचे प्रमाण सुमारे ५० हजार तासांत एकाहून जास्त नसावे. एअरबस ए-३५० ला तर २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंत परवानगी मिळाली.

चार इंजिनांची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २००५ मध्ये लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबोचे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडले. वैमानिकाने तिघांवर प्रवास चालू ठेवला आणि विमान मँचेस्टरला उतरवले. दोन इंजिनांच्या विमानाला जवळचा विमानतळ गाठावाच लागतो. पण चार असली की त्यांतले एखादे बिघडण्याचा संभवही दुप्पट, हे विसरू नये.

आणि एकाच कारणाने सगळी बंद पडली तर? भिवंडीत चार मागांना चार मोटरी असल्या तरी फीडरची वीज गेली की चारही थांबतात. जून १९८२ मध्ये जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या जंबोची चारही इंजिने थांबली. खाली आल्यावर ती पुन्हा चालू झाली म्हणून सर्व वाचले. आमच्या कारागीर वाचकांनी दुसरे उदाहरण ध्यानात ठेवावे. ५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाऊला निघालेल्या तीन इंजिनांच्या ट्रायस्टारमध्ये तेलातील धातूचा कीस पकडणारे भाग बदलले होते, पण ते बसवताना रबरी कड्या घालायच्या राहिल्या. एका नव्हे, तिन्ही इंजिनांत. तेल गळून गेले. एक इंजिन वैमानिकांनी बंद केले, माघारी वळल्यावर उरलेली दोन थांबली. शेवटी आधी बंद केलेलेच पुन्हा चालू करून त्या एकावर विमान मायामीला उतरले. १७२ माणसे सुखरूप राहिली, ती दोन-चार पैशांच्या कड्यांनी जवळपास बुडवली होती. लांब पल्ल्याच्या दोन इंजिनी विमानांच्या देखभालीत आज एकाच कारागिराने एकाच वेळी दोन्ही इंजिनांना हात लावणे टाळतात, ते याच धोक्यामुळे.

१२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात सर्वांच्या मनात आहे. २६० जीव गेले. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. इंजिने थकल्याचा हा प्रकार नव्हे.

एअरबस ए-३८० ला मात्र चार इंजिने निवडीने नव्हे, नाइलाजाने लागली. वजन ५७५ टनांपर्यंत, प्रत्येक इंजिनाचा जोर सुमारे ७०,००० पौंड. एक गेले तर तिघांचे २,१०,००० उरतात. दोनच लावायची तर एकट्याने तेवढे द्यायला हवे, आणि आजवर चाचणीत सर्वांत जास्त जोर दिलेले जीई-९-एक्स २०१७ मध्ये १,३४,३०० वर थांबले. अशी २५१ विमाने विकून डिसेंबर २०२१ मध्ये कारखाना बंद झाला. सुरुवातीला आलेल्या पहिल्या दोन विमानांना बारा-एक वर्षांत सुट्या भागांसाठी तोडले, यावरून जुन्या बाजारातली किंमत समजावी. ए-३४० ची ३७७ विकली गेली, त्याच्या प्रतिस्पर्धी दोन इंजिनी ७७७ ची सतराशेहून अधिक. शेवटचे जंबो जानेवारी २०२३ मध्ये गिऱ्हाइकाच्या हवाली झाले, तेही मालवाहू. एअर इंडियाने १९७१ मध्ये पहिले जंबो आणले होते. तिच्या उरलेल्या जंबोंपैकी एक एप्रिल २०२४ मध्ये विकले जाऊन मुंबईहून अमेरिकेला गेले.