वसतिगृहात साप चावला तर

शिरोळच्या वस्त्यांतली आपली मुलंमुली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकतात. परिसर झाडी-गवताचा, पावसाळ्यात साप निघणारच. साप चावला की मूल आधी घरी फोन लावतं आणि घरून सांगणं होतं, ‘दोरी आवळ!’ हेच घातक. ब्लेडने कापणं, तोंडानं चोखणंही तसंच. मांत्रिकाचं नावही काढू नये.

आम्ही मुलांना सांगतो, साप शोधत बसू नका. पैंजण-अंगठी काढा, चावलेला हातपाय हलवू नका, चालू नका. मण्यार चावली तर फारसं दुखत नाही, म्हणून झोपून राहू नका. सुरक्षारक्षकाला उठवा, १०८ लावा, सीपीआर रुग्णालय गाठा. प्रतिविषाचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मिळतं. चावल्याची वेळ डॉक्टरांना सांगा. पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं तर तेही. घरी फोन त्यानंतर.