‘शुगर’ बारीक माणसालाही होते : वस्तीतला मधुमेह आणि भुकेचा इतिहास

वर्षावासात विहारात नियमित बसणाऱ्यांनी द्रोणपाक सुत्त ऐकलेले असते. संयुक्त निकायातली ही छोटीशी गोष्ट आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भात खायचा. जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला, तेव्हा त्यांनी जेवणात मात्रा ओळखण्याबद्दल एक गाथा म्हटली. राजाने ती आपल्या पदरच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्यासमोर म्हणायला सांगितली. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला आणि अंग हलके झाले.

मधुमेहावर बोलताना आपल्याकडे हीच गोष्ट हमखास सांगितली जाते. जिभेवर ताबा ठेवा, कमी खा, शुगर होणार नाही. सुत्ताबद्दल आमची तक्रार नाही. ते एका राजाला सांगितलेले आहे, एवढेच आम्हाला लक्षात आणून द्यायचे आहे. आपल्या वस्तीत शुगर झालेला माणूस बहुतेक वेळा पसेनदी नसतो.

गेली काही वर्षे आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्य तपासणीची शिबिरे घेतो. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर या दिवसांच्या आसपास ती जास्त होतात. सुरुवातीला आमची पद्धत अशी होती की वजनकाट्यावर जो जड भरेल त्याला शुगर तपासायला पाठवायचे. पट्ट्या मोजक्या असायच्या, त्यामुळे बारीक माणसांना आम्ही पुढे काढायचो. अशाच एका शिबिरात तिशीतला, हडकुळा, हमाली करणारा भाऊ आला होता. ‘तुला कशाला हवी शुगर, तू तर काडी आहेस,’ असे आमच्यापैकीच कुणीतरी हसून म्हणाले आणि तोही हसला. दीड वर्षाने पायाची जखम चिघळली म्हणून तो दवाखान्यात गेला, तेव्हा साखर चारशेच्या वर निघाली. पायाची दोन बोटे गेली. ही चूक आमची होती, आणि या लेखाचे कारणही तीच आहे.

बारीक माणसाला मधुमेह का होतो, या प्रश्नाचे सर्वात मोठे काम आपल्या पुण्यात झाले आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून बायकांची नोंद ठेवायची, त्या काय खातात आणि किती राबतात ते पाहायचे, बाळाचे मोजमाप करायचे आणि त्या बाळाला मोठे होईपर्यंत सोडायचे नाही, अशी त्याची रचना. या गावांतल्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे लहान असतात, यात नवे काही नाही. नवे होते ते पुढे. बाळ लहान कुठे कुठे आहे हे पाहिले तेव्हा स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच निघाली. दिसायला काडी, आत चरबी. याला संशोधक ‘थिन-फॅट’ बाळ म्हणतात.

मोठ्या माणसांचेही तसेच असते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. उंची-वजनाचे गणित, म्हणजे बीएमआय, दोघांचा एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत उभा करतो. रक्त तसे करत नाही.

याचे कारण साधे सांगता येते. जेवणातली साखर रक्तातून उचलून वापरण्याचे मोठे काम स्नायू करतात. ती उचला असा निरोप देते इन्सुलिन, आणि ते स्वादुपिंडात तयार होते. आईच्या पोटात अन्न कमी पडले की गर्भ मेंदू वाचवतो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्यावर काटकसर करतो. असे शरीर अर्धपोटी जगायला तयार झालेले असते. पुढे त्याच शरीरात रोज भात, पाव, साखरेचा चहा जाऊ लागला की साखर उचलायला स्नायू पुरत नाहीत आणि निरोप द्यायला इन्सुलिन पुरत नाही. मग माणूस जाड झालेला नसतानाही साखर चढते. हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९९२ साली हा विचार मांडला होता. पुण्याच्या गावांनी त्याला हाडामांसाचा पुरावा दिला. ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तात साखर नेहमीपेक्षा जास्त आढळली. तीही अशा वयात, ज्या वयात आपण पोरांना लेझीम खेळायला पुढे करतो.

त्या अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी समाजशास्त्राच्या वर्गात शिकवाव्यात अशा आहेत. एक म्हणजे, बाळाच्या आकाराचा संबंध आई किती पोळ्या खाते यापेक्षा तिला दूध, पालेभाज्या आणि फळे मिळतात का याच्याशी जास्त दिसला. दुसरे, ज्या बायका गरोदरपणात जास्त राबल्या, शेतात आणि पाणी भरण्यात, त्यांची बाळे वजनाने कमी भरली. म्हणजे गावातला नळ कुठपर्यंत आला आहे, हा प्रश्न पाणीपुरवठ्याचा आहे तसाच वीस-तीस वर्षांनंतरच्या मधुमेहाचाही आहे. पाणवठ्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. महाड १९२७ पासून तो आपण ओळखतो.

इथे थोडे सावध राहायला हवे. २०१५ साली पुण्यातल्याच उंदरांवरचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी ५० पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढलेल्या उंदरांचा अभ्यास केला. ते उंदीर कमी वजनाचे, पोटात चरबी साठलेले आणि मधुमेहाला सहज बळी पडणारे निघाले. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर चांगला आहार दिला तरी दोष पूर्ण गेला नाही. हे वाचले की आपल्या डोक्यात लगेच जातीचा इतिहास उभा राहतो. वाळीत टाकलेली वस्ती, शिळ्या तुकड्यांवरचे पोट, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मिळालेली सुकडी आणि तांबड्या ज्वारीची भाकर. आमच्याही डोक्यात तेच आले. पण उंदरांचा निकाल जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, आणि पुण्याचा अभ्यासही जातीचा अभ्यास म्हणून केलेला नाही. ‘आपल्या रक्तातच शुगर आहे’ असे भाषणात ठोकून देणे चुकीचे आहे. ते बाबासाहेबांच्या विचारालाही सोडून आहे, कारण रक्ताने माणूस ठरतो हे तर समोरच्यांचे म्हणणे होते. आपण एवढेच म्हणू शकतो की भूक पोटात संपत नाही. ती पुढच्या पिढीच्या शरीराला घडवते, आणि आपल्याकडे भूक कुणाच्या वाट्याला जास्त आली हे आपल्याला ठाऊक आहे.

ते नशीब नव्हे, याचाही पुरावा आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन होते, ते १९५३ च्या सप्टेंबरमध्ये उठले. त्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर गर्भात असलेल्या, जन्मलेल्या सुमारे ६० हजार लोकांची तुलना २०२४ साली ‘सायन्स’ मासिकात आली. आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांत ज्यांना साखर कमी मिळाली, त्यांच्यात पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी दिसला. आता आपल्या वस्तीत सकाळी फिरा. आई कामावर निघताना आठ महिन्यांच्या लेकराच्या हातात चहात बुडवलेले बिस्कीट देऊन जाते. दोष आईचा नाही. सात वाजता कामावर जाणाऱ्या बाईला पाळणाघर नाही, आणि पाच रुपयांत बिस्किटाशिवाय दुसरे काही मिळत नाही.

मोठ्यांच्या ताटाकडेही बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. त्याच सर्वेक्षणातून २०२५ मध्ये आहारावरचा निष्कर्ष निघाला की आपल्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, मुख्यतः धान्य आणि साखर यांतल्या, येते. भाताऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरीचे पीठ वापरले, पण एकूण धान्य तेवढेच ठेवले, तर धोका कमी झालेला दिसला नाही. धान्याचा थोडा वाटा काढून तिथे डाळी, कडधान्ये किंवा दूध-दही आले तिथे तो कमी दिसला. भाकरी खा म्हणजे शुगर जाईल, असे सांगणाऱ्यांनी हे वाचावे. भाकरी चांगलीच, पण तिच्याबरोबर ताटात काय आहे? रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, ते पोट भरते आणि त्याची गरज आहेच. डाळ मात्र बाजारभावाने घ्यावी लागते.

प्रथिनांचा प्रश्न निघाला की मांसाहाराचा निघतो, आणि तिथे आपल्यातही कुजबूज सुरू होते. बाबासाहेबांनी महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, ते स्वाभिमानासाठी. काहींनी त्याचा अर्थ मांसच अपवित्र असा लावून घेतला आहे. पुण्याच्या अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. हे जीवनसत्त्व मिळते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून, भाजीपाल्यातून नाही. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी पण फॉलिक ॲसिड भरपूर होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नव्हते. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकार वाटते. त्या घ्यायच्याच, पण बी-१२ चा प्रश्न त्यांनी सुटत नाही. आणि अंड्याचे काय झाले? राज्यात शालेय पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे सुरू झाले आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला. हवे असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावे, असे सांगण्यात आले. ज्या शाळेत आपली मुले जातात तिथे वर्गणी कोण काढणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. या मुद्द्यावर आपल्या संघटनांनी निवेदने द्यायला हवी होती. आम्हीही दिले नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी संबंधित मधुमेहाला ‘टाइप ५’ असे वेगळे नाव दिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे यामागे मोठे काम आहे. तिथे अगदी हडकुळ्या रुग्णांमध्ये असे दिसले की त्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देत होते, पण ते तयारच कमी होत होते. हा आजार १९५५ साली जमैकात नोंदला गेला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वर्गीकरणात जागा दिली आणि १९९९ मध्ये काढून टाकली. नव्या नावावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. नावाचे काहीही होवो, उपचारात एक फरक पडतो. ज्याच्या घरी रात्रीचे जेवण नक्की नाही, त्याला इन्सुलिनचा मोठा डोस दिला तर साखर एकदम उतरून जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना ‘मी किती वेळा जेवतो’ हे सांगायला लाजू नये. उलट, मोबाइलवर फिरणारे ‘तीन महिन्यांत शुगर गायब’चे उपास अशा माणसाने करू नयेत. ब्रिटनच्या डायरेक्ट अभ्यासात रोज सुमारे साडेआठशे कॅलरींच्या आहाराने वर्षभरात ४६ टक्के रुग्ण औषधाशिवाय राहू शकले, हे खरे आहे. पण ते सगळे २७ च्या वर बीएमआय असलेले होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते.

आमच्या शिबिरात आता वजनकाट्याशेजारी शिंप्याची टेप असते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की वजन काहीही असो, तपासणी होते. बारीक माणसाला तहान फार लागते का, रात्री लघवीला उठतो का, जखम लवकर भरते का, घरात कुणाला शुगर आहे का, हे विचारल्याशिवाय सोडत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट आहे. आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो, त्यात कंबरेचे मापही आहे. तो आपल्या गल्लीत भरला का, ते विचारा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी चांगली, पण लोह कमी असलेल्या बाईत ती फसवू शकते, म्हणून उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखरही बघावी लागते.

भोजनदानाचा विषय आम्ही गेल्या वर्षावासात एका विहारात काढला. पुरी, भात, बुंदी, जिलेबी हे ठरलेले. आम्ही म्हटले, बुंदी ठेवा, जिलेबीच्या पैशांत मटकीची उसळ आणि दही होईल. एक आजी म्हणाल्या, ‘पोरांनो, आम्ही गोड कधी पाहिलं होतं? आता मिळतंय तर तुम्ही टेप घेऊन आलात.’ त्यावर आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. शेवटी जिलेबी राहिली, उसळही झाली, आणि वाढताना त्याच आजी गरोदर सुनांच्या ताटात उसळ दोनदा घालत होत्या.