मीठ, पाणी आणि तांबे : अणू एकमेकांना का धरून ठेवतात?

शाळा सोडून पुष्कळ वर्षे लोटली की रसायनशास्त्रातले फारसे काही स्मरणात उरत नाही. मात्र 'सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांचेही अष्टक पूर्ण होते' हे वाक्य अनेकांना आजही पाठ असते. वाक्य उपयोगी आहे. पण त्याखाली एक प्रश्न झाकला जातो. सोडियमने इलेक्ट्रॉन का द्यावा? अणूला ना इच्छा असते, ना दानत. आपल्या पाल्याने हे विचारले, तर 'पुस्तकात तसे लिहिले आहे' हे उत्तर पुरेसे नाही.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला या प्रश्नाचा प्रवास उद्बोधक वाटतो. १८५२ मध्ये एडवर्ड फ्रँकलंड यांनी दाखवले की, प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची इतरांशी जोडले जाण्याची क्षमता ठरावीक असते. यातूनच संयुजेची कल्पना पुढे आली. तरीही बंध म्हणजे त्या काळी कागदावर ओढलेली एक रेघच होती. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. पुढे १९१६ मध्ये जर्मनीत कोसेल यांनी इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीने, तर अमेरिकेत लुईस यांनी इलेक्ट्रॉनच्या सामायिक जोडीने बंधाचा उलगडा केला.

मूळ कारण विद्युत आकर्षणात आहे. अणूचे केंद्रक धनप्रभारित, तर इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित असतात. दोन अणू जवळ आले की एकाच्या इलेक्ट्रॉनांना दुसऱ्याचे केंद्रकही ओढू लागते. या नव्या मांडणीत एकूण ऊर्जा कमी होत असेल, तरच अणू एकत्र टिकतात. कमी झालेली ऊर्जा बाहेर पडते आणि बंध तोडायचा झाल्यास तेवढीच परत द्यावी लागते. दोन ग्रॅम हायड्रोजन वायूतील सर्व बंध तोडण्यास सुमारे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते.

आता मिठाकडे पाहू. सोडियमपासून इलेक्ट्रॉन वेगळा करण्यास जेवढी ऊर्जा खर्च होते, तेवढी क्लोरीनने तो स्वीकारल्यावर परत मिळत नाही. म्हणजे नुसता 'दाना'चा व्यवहार तोट्याचाच ठरतो. हा तोटा भरून निघतो तो स्फटिकात. तेथे प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम आयन असतात. या चहूबाजूंच्या आकर्षणामुळेच मीठ वितळण्यास ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. हा आयनिक बंध होय.

पाण्यात ऑक्सिजनचा अणू दोन हायड्रोजन अणूंशी इलेक्ट्रॉनची प्रत्येकी एक जोडी सामायिक करतो. हा सहसंयुज बंध. पाणी उकळताना हे बंध तुटत नाहीत. रेणू केवळ परस्परांपासून दूर जातात. म्हणूनच वाफ थंड होताच पुन्हा पाणी होते.

तांब्यात प्रत्येक अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन साऱ्या धातूत मोकळे वावरतात आणि सर्व धन आयनांना एकत्र राखतात. हा धातूबंध. तांब्याच्या तारेतून वीज वाहते ती याच इलेक्ट्रॉनांमुळे.

या भेदाची परीक्षा हातोडीने घेता येते. खडे मिठावर घाव घातला की आयनांचे थर सरकतात, समान प्रभार समोरासमोर येतात, एकमेकांना दूर लोटतात आणि खडा फुटतो. पुण्याच्या तांबट आळीत मात्र तांब्याच्या पत्र्यावर शेकडो ठोके पडतात. पत्रा फुटत नाही, त्याचा हंडा होतो. थर सरकले तरी मोकळे इलेक्ट्रॉन त्यांना धरूनच ठेवतात.

शेवटी एका रूढ गैरसमजाविषयी. 'बंध तुटले की ऊर्जा मिळते' असे विद्यार्थी सर्रास लिहितात. वस्तुतः चुलीतले लाकूड पेटवताना जुने बंध तोडण्यासाठी आधी उष्णता द्यावी लागते. म्हणून तर काडी ओढावी लागते. पुढे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे अधिक भक्कम बंध तयार होतात आणि त्यातून अधिक ऊर्जा बाहेर पडते. भाकरी भाजते ती बंध जुळल्यामुळे, तुटल्यामुळे नव्हे. पाठ केलेले वाक्य परीक्षेत गुण देईल. पण चुलीपाशी बसलेल्या मुलाच्या 'का?' या प्रश्नाला उत्तर कारण समजलेला माणूसच देऊ शकेल.