निरोप घरी, नोंद दप्तरी
विखुरलेलं गणगोत : लेखांक ६

गट जमवायचा कोणी, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. गट जमला की पुढचा वाद ठरलेला. निरोप ज्याच्या-त्याच्या फोनवर पाठवायचा, की इंटरनेटवर एखादी कायमची जागा उभी करायची, जिथे लोकांनी यावं, बोलावं आणि बोललेलं तिथेच राहावं? पुण्या-मुंबईत हा प्रश्न निव्वळ सोयीचा. तंजावरच्या मराठी घरांसाठी मात्र त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

भोसल्यांचं तिथलं राज्य १८५५ मध्ये संपलं. राज्यामागून आलेली घरं तिथेच राहिली, आणि पुढे नोकरीधंद्यामागे चेन्नई, बेंगळुरू करत परदेशापर्यंत पांगली. मराठी घरात टिकली, शाळेत तमिळ नाहीतर इंग्रजी; त्यामुळे अस्खलित बोलणाऱ्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. अशांना ‘अमुक जागी या’ म्हटलं, तर पहिला आठवडाभर कौतुकाने येतील, मग फिरकणार नाहीत. म्हणून माझा कौल आधी घरपोच निरोपाला. व्हॉट्सअॅपवर तो आपणहून येतो, आणि आवाजी निरोपाला लिपीही लागत नाही. तंजावरी हेल तर आवाजातच उतरतो.

पण यात एक मोठी खोट आहे. समजा, बेंगळुरूच्या एखाद्या सुनेने विचारलं, डांगर पचडीचे उडीद भाजून दळायचे की तसेच? तासाभरात चार आत्या बोलतात. एक म्हणते खमंग वास सुटेपर्यंत भाज, दुसरी सांगते दही अगदी पानं वाढताना घाल, तिसरीला फोडणीत हिंग जास्त हवा. (एकमत होणार नाही, आणि होऊही नये.) सहा महिन्यांनी दुसरी सून तेच विचारते. तोवर ती चारही उत्तरं वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडली गेलेली असतात. आत्या तरी किती वेळा सांगणार?

भोसल्यांपैकी दुसऱ्या सरफोजीराजांच्या तंजावरात कायमची जागा आणि घरपोच निरोप, या दोन्ही तऱ्हा होत्या. बृहदीश्वराच्या देवळात त्यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत भिंतीवर कोरवला. कोणीही यावं, वाचावं. ना आमंत्रण लागतं ना ओळख. पण भिंत कोणाच्या घरी जात नाही, आणि देवळात आलेल्यांतही ती अक्षरं लावणारे थोडेच. रोजचा कारभार चालला तो मोडी कागदांवर. हुकूम, हिशेब, पत्रं, सगळं ज्याचं त्याला. भावी वाचकासाठी त्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी राजवाड्यातला पगार, दानधर्म, मुदपाकाचा खर्च आज कळतो तो याच कागदांतून, कारण कोणीतरी ते फेकले नाहीत, बासनांत बांधून ठेवले. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे मोडी कागद आहेत, आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या निवडक कागदांचे तमिळ अनुवादही छापले. मराठ्यांचा कारभार तमिळमधून वाचला जातो, यात वाईट वाटून घेण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

तेव्हा भिंत की पत्र, या वादात फार वेळ घालवू नका, दप्तरदार शोधा. गटात उत्साही मंडळी पुष्कळ असतात, तो उत्साह पुरतो गणपतीपासून दिवाळीपर्यंत. आपल्याला हवा थोडा चिकट माणूस. महिन्याच्या शेवटी त्याने गट वर सरकवत जावा, कामाचे पाच-सात निरोप उचलावेत, आवाज लिहून काढावा, कोणी सांगितलं आणि केव्हा ते टिपावं, आणि सगळं सर्वांना उघडता येईल अशा एका जागी ठेवावं. सांगणारीला आधी विचारावं, कारण घरच्यांसाठी बोललेलं जगासाठी असेलच असं नाही. पुढच्या वेळी डांगराचा प्रश्न आला की त्याने त्या नोंदीचा दुवा तेवढा टाकायचा. पाचवी आत्या तिथे आपली दुरुस्ती जोडेलच.

असा माणूस मिळेपर्यंत कायमची जागा उभारू नये. कुलूप कोणी उघडायचं हे ठरलेलं नसलेल्या वाचनालयांचं काय होतं, ते आपण गावोगाव पाहतो. आणि ही नोंद देवनागरीत ठेवायची, तमिळ लिपीत की रोमनमध्ये, यावरून गटात जुंपेलच. तो विषय पुढच्या आठवड्यात.